प्रथम कोन

आराखड्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिच्यात वस्तूचे नाव, प्रमाण, दिनांक आणि दोन सह्या असतात: ‘रेखाटले’ आणि ‘तपासले’. तंत्रनिकेतनातील आमचे गुरुजी ही चौकट नसलेला कागद हातातही घेत नसत. पुढे उद्यमनगरातील एका फौंड्रीत मी एकतीस वर्षे यंत्रभागांचे आराखडे काढले आणि संध्याकाळी मैदानाच्या पायऱ्यांवर बसून फुटबॉलपटूंचे काढले. अठ्ठेचाळीस हंगाम, अठ्ठेचाळीस वह्या, दोनशे बारा खेळाडू. प्रत्येक पानावर चौकट आखलेली असे आणि ‘रेखाटले’पुढे य. दा. इंगवले अशी माझी सही असे. ‘तपासले’ची जागा मात्र सगळीकडे कोरी होती. ती भरू शकेल असा माणूस कोल्हापुरात नाही, असे मला अगदी प्रामाणिकपणे वाटत असे.

माझी पद्धत ठरलेली होती. पानाच्या मधोमध खेळाडू पाठमोरा काढायचा, म्हणजे त्याचा डावा पाय तो आपलाही डावा. पाठमोऱ्या आकृतीच्या दोन्ही अंगांना त्याच्या एकेका पायाची, बाजूने दिसणारी आकृती. खाली गुण आणि दोष; पायाच्या ठेवणीतला दोष मात्र शब्दांत नाही, त्या पायाच्या आकृतीवरच खुणेने. आणि पुढच्या वर्षांत त्याला कोणती दुखापत झाली, कोणत्या पायाला झाली, ते तारखेसह. दगडी कमान तालमीचा फुटबॉल संघ निवडायचा असला की वस्ताद माणूस पाठवीत. “मास्तर, हा पोरगा कसा आहे?” मी वही उघडत असे. त्या वही उघडण्याच्या क्षणी पायऱ्यांवरची सगळी बोलणी थांबत. ती शांतता मला किती प्रिय होती, हे ती गेल्यावर समजले.

ती ‘पारख’ने नेली.

‘पारख’ हे निरंजन जरगने उभे केलेले यंत्र. निरंजन आमच्याच तालमीचा जुना बचावपटू. शरीराच्या हालचालींचे शास्त्र शिकून परत आला आणि २०३८ साली त्याने मैदानाभोवती चौदा कॅमेरे बसवले. तत्त्व अवघड नव्हते. माणसाचे शरीर म्हणजे सांध्यांनी जोडलेले पंधरा दांडे, असे धरायचे. प्रत्येक दांडा सेकंदाच्या शंभराव्या भागात किती सरकला, हे कॅमेऱ्यांना दिसते. दांड्याचे वजन ठाऊक असेल तर तो तसा सरकण्यासाठी सांध्यावर किती जोर आला असेल, हे उलट गणिताने काढता येते. इथपर्यंत जगातल्या पुष्कळ यंत्रांची मजल गेली होती. ‘पारख’ त्यापुढे जाऊन सांगत असे, की या जोराने कोणता सांधा, साधारण किती महिन्यांनी, दगा देईल. त्यासाठी तिला जुन्या खेळाडूंच्या ढबी आणि त्यांच्या नंतरच्या दुखापती, अशी दीर्घकाळाची जोडनोंद शिकवावी लागली. तशी नोंद निरंजनला एकाच ठिकाणी मिळाली. माझ्या वह्यांत.

त्याने मागितल्या, मी दिल्या. त्याच्या विद्यार्थ्यांनी पाने एका परदेशी प्रणालीतून वाचून घेतली आणि वह्या व्यवस्थित खोक्यात भरून परत आल्या. वर्षभरानंतर निरंजनच्या शोधनिबंधात माझे नाव शेवटच्या तळटीपेत, कॅमेरे बसवणाऱ्या कंत्राटदाराच्या खाली आले.

त्याचे दुःख मी गिळले. गिळवला नाही तो ‘व्यत्यास नियम’. ‘पारख’ने माझ्याच नोंदींतून असा निष्कर्ष काढला होता की, ज्या पायाच्या ठेवणीत दोष, दुखापत त्याच्या विरुद्ध पायाच्या गुडघ्याला होते. शरीर सदोष पाय वाचवायला पाहते आणि ओझे दुसऱ्यावर टाकते, असे त्याचे स्पष्टीकरण तज्ज्ञांनी दिले. नियमाची परीक्षाही घेतली गेली होती. काही पाने यंत्रापासून लपवून ठेवली आणि त्यांचे भाकीत करायला लावले, ते तंतोतंत जुळले. तालमीत निरंजनला फेटा बांधला गेला. मी दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. अठ्ठेचाळीस वर्षे मी ज्या पानांकडे पाहत होतो, त्यांत हे दडलेले होते आणि मला दिसले नव्हते.

एक आनंद तेवढा मला मिळाला, तो तमन्ना शिकलगारमुळे. तमन्ना तालमीच्या मुलींच्या संघाची स्ट्रायकर, वय एकोणीस. उद्यमनगरात तिच्या वडिलांचे हत्यारांना धार लावण्याचे दुकान आहे. बारा वर्षांची असताना दुकानाच्या भिंतीवर चेंडू मारत होती, तेव्हा मीच तिला तालमीत आणले. आमच्याकडच्या मुली ‘मी आले, मी गेले’ म्हणत नाहीत. ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. तमन्नाने ‘पारख’समोर पहिल्या दिवशी “मी आलो बघ, कुठनं पळू?” असे विचारले आणि यंत्राने तिची नोंद पुरुष खेळाडू म्हणून केली. निरंजनने ती तासाभरात दुरुस्त केली. मी चार दिवस भेटेल त्याला ती गोष्ट सांगत होतो.

“मास्तर, पुरे की आता,” तमन्नाच शेवटी म्हणाली. “यंत्र हाय ते. तुमी तर सवतीगत बोलालाईसा.”

पायऱ्यांवरचे सगळे हसले. मीही हसलो.

२०४१च्या जानेवारीत बंगळुरूच्या एका क्लबने तमन्नाला निवडचाचणीसाठी बोलावले. चाचणी एकवीस फेब्रुवारीला होती. क्लबने मूल्यमापन मागवले ते अर्थात ‘पारख’चे. मला कोणी विचारले नव्हते, तरी मी माझे पान लिहिले, परक्यांना वाचता यावे म्हणून या वेळी पायाचा दोषही शब्दांत:

‘गुण: डाव्या पायाचा फटका पाठीमागे पाय फारसा न नेता, त्यामुळे गोलरक्षकाला पूर्वसूचना नाही. पास येण्यापूर्वी दोनदा मान वळवून मागे पाहते. बचावपटूच्या नजरेआडून, त्याच्या खांद्यामागून धावते. दोष: गोलकडे पाठ असताना चेंडू राखता येत नाही. हेडिंग कच्चे, चेंडू येताच डोळे मिटते. डाव्याने फटका मारताना टेकवलेला उजवा पाय आत वळतो व गुडघा आत झुकतो. मोठा दोष.’

‘पारख’नेही हेच सारे पाहिले होते, आकड्यांत. मात्र तिच्या अहवालाचा शेवट नियमाप्रमाणे होता: दोष उजव्या पायात, म्हणून धोका डाव्या गुडघ्याला. डावा जपावा. सहा आठवडे एकपायी उड्या उजव्यावर घ्याव्यात.

चार फेब्रुवारीच्या दुपारी मी जुन्या वह्या काढून बसलो. हेतू शुद्ध नव्हता, हे नोंदवून ठेवतो. मला त्या नियमाला अपवाद हवा होता. एखादाच, पण निरंजनसमोर टाकता येईल असा. पहिले पान सदाशिव कुंभारचे निघाले, १९९८चे. सदोष पाय डावा. दुखापत, डावा गुडघा. दुसरे पान, तेच. तिसऱ्यात दोन्ही उजवे. तीस पाने झाली आणि एकही नियमाप्रमाणे नव्हते. मग मी तालमीच्या पडद्यावर त्याच तीस पानांच्या ‘पारख’ने केलेल्या प्रती उघडल्या. सदाशिवच्या पाठमोऱ्या आकृतीच्या उजव्या अंगाला असलेल्या पायावर यंत्राने स्वच्छ अक्षरांत लिहिले होते: ‘उजवा पाय’.

तो डावा होता.

हे समजावून सांगितले पाहिजे. वस्तूच्या बाजू कागदावर मांडण्याच्या दोन पद्धती आहेत. तृतीय कोन पद्धतीत आपण आणि वस्तू यांच्या मध्ये काच आहे असे मानतात; डावीकडून जे दिसते ते डावीकडच्या काचेवर, म्हणजे मुख्य आकृतीच्या डावीकडेच काढले जाते. प्रथम कोन पद्धतीत वस्तू मध्ये असते आणि कागद तिच्या पलीकडे. म्हणून डावीकडून दिसणारी बाजू पलीकडे पडते, मुख्य आकृतीच्या उजवीकडे. आम्ही प्रथम कोन शिकलो. माझा हात दुसरे काही जाणत नाही. त्या परदेशी प्रणालीला मात्र तृतीय कोन ठाऊक होता, आणि निरंजनच्या विद्यार्थ्यांनी हाताने आराखडा कधी काढलेलाच नव्हता. उजवीकडचा पाय त्यांनी उजवा मानला. दुखापती मी शब्दांत लिहिल्या होत्या, त्या बरोबर वाचल्या गेल्या. पाय उलटले, दुखापती जागेवर राहिल्या. तेवढ्यातून ‘व्यत्यास नियम’ जन्मला. परीक्षेसाठी लपवलेली पानेही तशीच वाचलेली होती. खोट्या गजाने मोजलेले कापड त्याच गजाने पुन्हा मोजले, तर ते बरोबरच भरणार.

मी मोठ्याने हसलो. माझ्या डोळ्यांपुढे निरंजनचा फेटा होता.

मग सवयीने नजर पानाच्या खालच्या कोपऱ्यात गेली. कोणती पद्धत वापरली हे सांगण्यासाठी चौकटीत एक लहान चिन्ह काढतात: शेंडा कापलेला शंकू आणि त्याच्या शेजारी दोन वर्तुळे. वर्तुळे कोणत्या अंगाला आहेत त्यावरून पद्धत कळते. ते चिन्ह विसरलेल्या किती उमेदवारांचे कागद मी फौंड्रीत फाडले होते. माझ्या अठ्ठेचाळीस वह्यांत, दोनशे बारा पानांवर, ते चिन्ह कुठेही नव्हते. वह्या माझ्या, वाचणारा मी. मला कशाला हवे चिन्ह?

म्हणजे चूक यंत्राची नव्हती. यंत्राने माझ्यावर विश्वास ठेवला होता.

त्या दिवसाच्या पानावर मी लिहिले: ‘४ फेब्रुवारी २०४१. पारखमध्ये पायांची अदलाबदल. कारण: प्रक्षेपण चिन्ह नाही. तमन्नाचा धोका उजव्या गुडघ्याला.’ आणि वही मिटली.

मी निरंजनकडे गेलो नाही. सर्व दोनशे बारा पानांची पडताळणी झाल्याखेरीज निष्कर्ष कळवू नये, असे मी स्वतःला सांगितले. पद्धत म्हणून ते निर्दोष आहे. रोज पंधरा पाने, तारीख टाकून. माझी पत्नी अडतीस वर्षे सोबत होती, तेव्हा ती म्हणत असे की मला राग आला की मी मोजपट्टी काढतो. एकोणीस तारखेला दिल्लीच्या एका परिषदेत निरंजनचे व्याख्यान होते. तो व्यासपीठावरून खाली उतरेल तेव्हा माझी पडताळणी पूर्ण झालेली असेल, असा माझा हिशेब बसत होता. रोज सकाळी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला तमन्ना उजव्या पायावर उड्या मारताना दिसे. मी तिकडे पाठ करून बसण्याची पायरी शोधली.

अठरा तारखेला सकाळी ती स्वतःच माझ्या पायरीवर येऊन बसली. उजव्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधलेली होती.

“काय झालं?”

“काय न्हाई. जरा दुखालंय. पायऱ्या उतरताना कट्ट करतंय.”

“पारखला सांगितलंस?”

“सांगितलो की. ती म्हणाली, खरं दुखणं डाव्यात हाय, उजव्यात नुसता भास. शरीर फसवतंय म्हणं.” तिने पिशवी सरळ केली. “परवा गाडीत बसायचं, मास्तर. अब्बानं दुकान दोन दिस बंद ठेवायचं ठरवलंय. अकरा वर्षांत पहिल्यांदा.”

“आजपासून उडी बंद,” मी म्हणालो. “चाचणीला जायचं नाही. आधी डॉक्टर.”

तिने माझ्याकडे पाहिले. “हे कोण सांगालंय? पारख का तुमी?”

“मी.”

“मग न्हाई.”

“तमन्ना, माझं ऐक.”

“तुमचं ऐकून मी तालमीत आलो, मास्तर, ते मी इसरलो न्हाई. पण आता खरं बोलू? सगळी पेठ म्हणतीय, मास्तर जळालाय. पारख काय बी म्हणूंदे, तुमी उलटं म्हणणार. उद्या ती म्हणाली सूर्य उगवला, तर तुमी छत्री घेऊन निघाल.” ती उठली. उठताना तिने कठड्याला धरले, आणि उजवा पाय टेकवण्याआधी क्षणभर थांबली. “माझ्या गुडघ्यावर तुमचं भांडण नको.”

इतके दिवस मी जे साठवत होतो त्याची किंमत मला त्या क्षणी समजली. माझा शब्द आता कोणी घेत नव्हते, आणि तो तसा मीच केला होता. नुसते ‘यंत्र चुकले’ म्हणून चालणार नव्हते. ते मी तीन वर्षे म्हणत होतो. ती एकाच गोष्टीवर विश्वास ठेवील असे दिसले: मी चुकलो, यावर.

“पाच मिनिटं,” मी म्हणालो. “निरंजनकडे चल. मी काय सांगतो ते त्याच्यासमोर ऐक. नाही पटलं तर मी पुन्हा मैदानात पाऊल टाकणार नाही.”

निरंजनची खोली मैदानाच्या कडेलाच होती. दिल्लीची बॅग भरून दाराशी ठेवलेली. मी टेबलावर सदाशिव कुंभारचे पान उघडले, चौकटीवर बोट ठेवले आणि जे वर लिहिले आहे ते त्याच क्रमाने सांगितले. मी संपवल्यावर त्याने टेबलावरचा खोडरबर घेतला, माझ्यासमोर उभा धरला, डावीकडून पाहिले, उजवीकडून पाहिले, आणि कागदावर दोन आकृत्या काढल्या. मग तो खुर्चीत बसला.

“म्हणजे नियम नाही,” तो म्हणाला.

“नाही.”

“तीन परिषदांत सांगितला मी, मास्तर.”

“माहीत आहे.”

“तुमच्याकडं येऊन एकदा विचारायला पाहिजे होतं. दोनदा निघालो पण होतो.” तो कोरडे हसला. “वाटलं, तुम्ही कायतरी खोट काढाल.”

त्याने आज्ञा दिली. पायांची नावे अदलाबदल करून ‘पारख’ने दोनशे बारा पाने नव्याने वाचली, त्याला चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मग तिने तमन्नाचा अहवाल पुन्हा मांडला. उजवा गुडघा. धोका तीव्र. सर्व उड्या तत्काळ थांबवाव्यात. तमन्ना पडद्याकडे पाहत राहिली. तिने बर्फाच्या पिशवीवर हात ठेवला होता, एखाद्या लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा.

निरंजन माझी चालू वर्षाची वही चाळत होता. आजचे पान शोधताना त्याचे बोट एका तारखेवर थांबले.

“चार फेब्रुवारी,” त्याने वाचले. “‘तमन्नाचा धोका उजव्या गुडघ्याला.’ आज अठरा आहे.”

तारीख टाकण्याची सवय मला नसती, तर ते दिवस कोणालाही कधी सापडले नसते.

“चौदा दिस,” तमन्ना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “रोज तीनशे उड्या. तुमी पायरीवर बसला हुता.”

“हो.”

“पाठ करून.”

“हो.”

ती लंगडत बाहेर गेली. निरंजनने दुरुस्तीचा तक्ता पडद्यावर आणला. त्रुटी कोणाच्या लक्षात आली, कधी आली, कधी कळवली, विलंबाचे कारण. शेवटच्या रकान्यापाशी तो थांबला.

“‘पडताळणी’ लिहा,” तो हळूच म्हणाला. “खोटं पण नाही ते. आणि मलाही सोपं जाईल.”

“चौकटीत अर्धं खरं लिहायला मी कोणाला शिकवलं नाही,” मी म्हणालो, आणि टंकले: मत्सर.

यंत्राने तो शब्द स्वीकारला आणि पुढचा रकाना उघडला.

निरंजन दिल्लीला गेला. व्याख्यानाच्या वेळात त्याने नियम मागे घेतला आणि चिन्हाची गोष्ट सांगितली. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. पण त्या संध्याकाळी तो पायऱ्यांवर माझ्या शेजारी बसला आणि अंधार पडेपर्यंत आम्ही खेळ पाहिला. तमन्नाचा अस्थिबंध ताणलेला निघाला, तुटलेला नाही. दोन महिने विश्रांती. आणखी आठवडाभर उड्या चालल्या असत्या तर शस्त्रक्रिया, असे डॉक्टर म्हणाले. बंगळुरूच्या क्लबने तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. शिकलगारांनी दुकान बंद ठेवले नाही. मी तिथे गेलो, तेव्हा ते चाकावर सुरी धरून उभे होते. त्यांनी मान हलवली आणि चाक चालूच ठेवले.

मार्चच्या शेवटी, रविवारी सकाळी तमन्ना माझ्या घरी आली. गुडघ्याला पट्टा होता.

“माझं पान बघतो,” ती म्हणाली.

मी वही दिली. तिने उभ्यानेच सारे वाचले, ओठ हलवत. “‘चेंडू येताच डोळे मिटते.’ कवा?”

“नेहमी.”

“हां. ते खरं असंल.” तिने पान तिरपे धरले. “पण हितं मी एवढा वाकत न्हाई. हे चुकलंय.”

“किती वाकतेस?”

तिने भिंतीला हात लावून, उजवा पाय न टेकवता, डावा फटका हवेत मारून दाखवला. ती खरोखरच कमी वाकत होती. मी पाठीची रेषा खोडली आणि नव्याने काढली. खालच्या चौकटीत शंकू आणि दोन वर्तुळे काढली. मग पेन्सिल तिच्यापुढे केली आणि ‘तपासले’च्या रिकाम्या जागेवर बोट ठेवले.

“हितं? मी?”

“पाय तुझा आहे.”

तिने सही केली; पूर्ण नाव, आडनावासह, चौकटीच्या रेषेबाहेर जाणारी. मग खोक्यातल्या बाकीच्या वह्यांकडे पाहिले. “ह्या सगळ्यांवर चिन्ह काढायचं ऱ्हायलंय व्हय?”

“दोनशे अकरा आहेत.”

तिने खुर्ची ओढली, पट्टा बांधलेला पाय स्टुलावर ठेवला आणि सर्वांत वरची वही मांडीवर घेतली.

“काढा तुमी. मी तपासतो,” ती म्हणाली. “मला पळायला तर सोडलं न्हाईसा.”